मराठी माध्यमाचा कान आणि टोइकचा पेपर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. चारही वेळा विद्यार्थ्यांनीच पाठवला आणि खाली विचारलं, ‘मॅडम, खरंय का हे?’ मेसेज लांबलचक आहे, पण त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टोइकच्या लिसनिंग-रीडिंग परीक्षेच्या नादी मराठवाड्यातल्या मराठी माध्यमाच्या पोरांनी लागू नये, कारण खेड्यातल्या कानाला परदेशी उच्चार कळत नाहीत. द्यायचीच असेल तर जो शब्द ऐकू आला तोच ज्या पर्यायात असेल त्यावर खूण करा. पाच हजार शब्द पाठ करा. येत नाही ते सोडून द्या, नाहीतर मार्क कापतात. इंग्रजी सिनेमे खाली अक्षरं लावून बघा. आणि शेवटी, पुण्याला जाऊन क्लास केल्याशिवाय काही होत नाही.

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवते. हा मेसेज वाचून आमच्या तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींनी भरायला घेतलेला फॉर्म तसाच ठेवून दिला. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

आधी परीक्षा काय आहे ते. टोइक ही अमेरिकेतल्या ईटीएस संस्थेची परीक्षा. 1979 साली ती पहिल्यांदा जपानमध्ये झाली. ऑफिसात, दुकानात, प्रवासात, हॉटेलात जे इंग्रजी लागतं ते किती कळतं, एवढंच ती तपासते. लिसनिंगचे 100 प्रश्न 45 मिनिटांत, रीडिंगचे 100 प्रश्न 75 मिनिटांत. प्रत्येक भागाला 5 ते 495 गुण, म्हणजे एकूण 10 ते 990. पास-नापास नाहीच. बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षा वेगळी असते, इथे फक्त ऐकायचं आणि वाचायचं.

आता ‘खेड्यातला कान’. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, आणि मेसेजमधलं सगळ्यात खोटंही हेच आहे.

माझं माहेर देगलूर तालुक्यातलं. आजोबा निझामाच्या राज्यात शिकले. घरात मराठी, शाळेत उर्दू, बाजारात तेलुगू. 17 सप्टेंबर 1948 नंतर मराठवाडा मोकळा झाला, तरी त्यांच्या तोंडातलं दखनी शेवटपर्यंत गेलं नाही. आजही उदगीर-उमरग्याकडं कन्नड कानावर पडतं, बिलोली-धर्माबादकडं तेलुगू पडतं, आणि प्रत्येक गावच्या चौकात दखनी असतंच. तीन-तीन भाषा ऐकत वाढलेल्या पोरांच्या कानाला अडाणी म्हणायचं, हे मला पटत नाही. ‘मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीपासून’ हेही जुनं झालं. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. आज कॉलेजात बसलेल्या मुलामुलींनी बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजीचं पुस्तक हाताळलेलं असतं.

मग ऐकताना अडतं कुठं? एका तासाला मी साधं वाक्य ऐकवलं, ‘व्हॉट आर यू गोइंग टु डू?’ बोलणारा अमेरिकन. साठ जणांच्या वर्गात कोणालाच कळलं नाही. तेच वाक्य फळ्यावर लिहिलं तर सगळे म्हणाले, ‘हे तर येतं की मॅडम.’ शब्द सगळे ओळखीचे होते. पण आवाज आला होता ‘वॉडय गना डू’. इंग्रजी बोलणारा माणूस वाक्यातले एक-दोन शब्दच ठासून म्हणतो, बाकीचे गिळतो. आपण मराठीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो, म्हणून आपला कान न आलेल्या अक्षरांची वाट बघत बसतो, आणि तेवढ्यात वाक्य पुढं निघून जातं.

मी वर्गाला विचारलं, पुस्तकातून मराठी शिकलेला एखादा माणूस नांदेडच्या स्टँडवर उतरला आणि तुम्ही त्याला ‘काय करायलास?’ म्हणालात, तर त्याला कळेल? त्याच्या पुस्तकात ‘काय करत आहेस’ आहे. ‘करायला लागला आहेस’ याचं आपण ‘करायलास’ केलं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. त्याचा कान चांगला आहे, फक्त जोडून आलेलं बोलणं त्यानं ऐकलेलं नाही. आपल्या मुलांचं इंग्रजीत नेमकं हेच होतं, आणि हे सवयीनं सुटतं. उदाहरणार्थ ‘यू कॅन पार्क हिअर’ आणि ‘यू कॅन्ट पार्क हिअर’. अमेरिकन माणूस परवानगी देताना ‘कॅन’ इतका आखूड म्हणतो की नुसतं ‘क्न’ ऐकू येतं. स्पष्ट, लांब ‘कॅन’ आला तर बहुतेक वेळा तो नकार असतो, कारण शेवटचा ‘ट’ तोंडातच राहतो. आपली मुलं स्पष्ट ‘कॅन’ ऐकतात आणि होकार समजतात. उत्तर उलटं होतं. हे एकदा दाखवून दिलं की आठवडाभरात कान पकडायला लागतो. उच्चार अमेरिकन, ब्रिटिश, कॅनेडियन आणि ऑस्ट्रेलियन असे चार तऱ्हेचे येतात. सुरुवातीला एकच धरा, महिन्यानं दुसरा घ्या.

दुसरी गोष्ट, ‘ऐकू आला तोच शब्द असलेल्या पर्यायावर खूण करा’ ही ‘ट्रिक’. ही पाळली तर हमखास नुकसान होईल. लिसनिंगच्या दुसऱ्या भागात 25 प्रश्न असतात. प्रश्न आणि तिन्ही उत्तरं फक्त ऐकू येतात, कागदावर काहीच छापलेलं नसतं. प्रश्न एकदाच वाजतो. इथे चुकीचे पर्याय मुद्दाम ऐकलेल्या शब्दासारख्या आवाजाचे ठेवतात. प्रश्न असतो, ‘कॉपी मशीन कुठं आहे?’ एका पर्यायात ‘कॉफी’ येते. मेसेज वाचलेला मुलगा तिथंच खूण करतो. बरोबर उत्तर असतं, ‘दुसऱ्या मजल्यावर’, आणि त्यात प्रश्नातला एकही शब्द नसतो.

कधी उत्तर आणखी आडवळणानं येतं. ‘मीटिंग किती वाजता सुरू होणार?’ याचं बरोबर उत्तर ‘तुम्हाला ईमेल आला नाही का?’ असं असू शकतं. मुलं म्हणतात, वेळ विचारली आणि वेळ सांगितलीच नाही, मग हे उत्तर कसं? मी विचारते, तुझ्या घरी ‘जेवायला कधी बसायचं?’ म्हटल्यावर आई काय म्हणते? ‘भाकरी अजून तव्यावर हाय.’ आईनं वेळ सांगितली नाही, पण उत्तर मिळालं की नाही? सगळा वर्ग हसतो आणि मुद्दा डोक्यात बसतो. माणसं घरात जशी बोलतात तशीच ती या पेपरात बोलतात. म्हणून शब्द धरायचा नाही, प्रश्नाचा पहिला घास धरायचा: कुठं, कधी, कोण, का. तो निसटला तर पुढचं काही कामाला येत नाही.

‘मार्क कापतात’ हे सरळ चूक आहे. टोइकमध्ये चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. ही समजूत आपल्याकडं कुठून आली ते मला माहीत आहे. लातूर-नांदेडला घराघरात नीटची तयारी चालते, तिथं बरोबरला 4 आणि चुकीला उणे 1. सोडून द्यायची ती शिस्त नीटला बरोबर आहे. इथे ती लावली तर रिकाम्या गोलांचे गुण फुकट जातात. शेवटची दोन मिनिटं राहिली की उरलेले सगळे गोल भरा, एकही रिकामा ठेवू नका.

पाच हजार शब्द पाठ करण्याबद्दल माझं मन मेसेजइतकंच ठाम आहे, पण उलट्या बाजूनं. यादी पाठ केलेली मुलगी शब्दाचा मराठी अर्थ सांगते आणि वाक्यात तोच शब्द आला की थांबते. आणि रीडिंगमध्ये थांबायला वेळ नाही. हिशोब करून बघा. पाचव्या भागात गाळलेल्या जागांची 30 वाक्यं, प्रत्येकी 20 सेकंद धरली तर 10 मिनिटं. सहाव्या भागात 16 जागा, अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं 8 मिनिटं. सातव्या भागात उताऱ्यांवरचे 54 प्रश्न, मिनिटाला एक. झाली 72 मिनिटं, हातात राहिली तीन. बहुतेक मुलं पाचव्या भागात एकेका वाक्यावर मिनिट-मिनिट घालवतात, मनातल्या मनात मराठी करतात, आणि शेवटचे वीस-पंचवीस प्रश्न त्यांच्या डोळ्यांखालून जातच नाहीत. गुण तिथं जातात. पाचव्या भागातले कितीतरी प्रश्न तर अर्थ न लावता सुटतात. गाळलेल्या जागेच्या आधी ‘द’ आणि नंतर ‘ऑफ’ असेल तर तिथं नाम हवं, हे दिसलं की पुढं जायचं.

उताऱ्यांतले शब्द परके असतात असंही नाही. इन्व्हॉइस, कोटेशन, डिलिव्हरी, रिफंड, वॉरंटी हे शब्द आपल्याकडच्या दुकानांत रोज वापरात आहेत. सातव्या भागाच्या शेवटी तीन-तीन कागद एकत्र येतात, समजा एक जाहिरात, एक ईमेल आणि एक बिल. प्रश्नाचं अर्धं उत्तर एकात असतं, अर्धं दुसऱ्यात. मुलं घाबरतात. पण सोयाबीन घातल्यावर आडतीची पट्टी म्हणजे आडत्यानं दिलेलं विक्रीचं बिल, वजनकाट्याची पावती आणि बँकेचं पासबुक पुढ्यात घेऊन वडिलांबरोबर हमाली-तोलाई वजा करत मेळ घातलेला मुलगा हेच काम करून आलेला असतो. हा आकडा त्या कागदावर कुठं दिसतो, हीच नजर लागते. मी वर्गात आधी मराठी पट्ट्यांवर हा सराव घेते, इंग्रजीवर नंतर येते. शब्द जमवायचेच असतील तर जोडीनं जमवा: नुसता ‘रिफंड’ नको, ‘फुल रिफंड’, ‘रिक्वेस्ट अ रिफंड’. ते लक्षातही राहतात आणि वाचताना एका नजरेत घेता येतात.

सिनेमाच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. रोज ऐकायला पाहिजे, यात शंका नाही. पण खाली अक्षरं चालू असली की डोळे वाचतात आणि कान झोपतो. दोन तास सिनेमा बघून मुलाला वाटतं आपल्याला इंग्रजी कळलं, खरं तर त्यानं ते वाचलेलं असतं. त्यापेक्षा एकच मिनिटाचा तुकडा घ्या. आधी कागदाविना दोनदा ऐका. मग थांबवत थांबवत वहीत उतरवा, जे कळलं नाही तिथं रेघ ओढा. मग छापील मजकूर उघडा आणि रेघा भरा. ज्या जागी रेघ होती तिथला आवाज नीट ऐका, आणि शेवटी बोलणाऱ्याबरोबर मोठ्यानं म्हणा. वीस मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी पान रेघांनी भरतं. माझ्या एका विद्यार्थिनीनं तारखा घालून या वह्या जपून ठेवल्यात, तिसऱ्या वहीत रेघा शोधाव्या लागतात. हल्ली ती परभणी स्टेशनवर गाडीची वाट बघताना मराठी घोषणेनंतरची इंग्रजी घोषणा मुद्दाम डोळे मिटून ऐकते. पेपरच्या चौथ्या भागात अशाच घोषणा, फोनवरचे निरोप आणि छोटी भाषणं असतात.

राहिला पुण्याचा क्लास. आईबापांनी त्यासाठी काय काय विकलं ते मी पाहिलंय, म्हणून हे सांगताना मला राग येतो. क्लास वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण वर सांगितलेलं एकही काम असं नाही जे गावात होत नाही. ईटीएसच्या संकेतस्थळावर नमुन्याचे प्रश्न मोफत आहेत. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर ऐकायचा मजकूर छापील शब्दांसह फुकट मिळतो. रेंज नसेल तर कॉलेजच्या वायफायवर आठवड्याचं उतरवून घ्या. अगदी स्वस्तातले इअरफोन घेऊ नका, त्यात ‘स’ आणि ‘फ’ यांत फरक कळत नाही. ज्याच्याकडं बरे असतील त्याच्याकडून आळीपाळीनं घ्या. महिन्यातून एकदा पूर्ण दोन तासांचा पेपर घड्याळ लावून द्या आणि त्यानंतरचे दोन दिवस नवा पेपर न सोडवता फक्त चुकलेले प्रश्न पुन्हा ऐका, पुन्हा वाचा.

गुण कमी आले तर शिक्का बसत नाही. गुणपत्रक दोन वर्षं धरलं जातं, परीक्षा पुन्हा देता येते. ईटीएसच्याच तक्त्यात लिसनिंगला 275 आणि रीडिंगला 275 ही भाषा मोजायच्या युरोपीय पट्टीवरची बी-वन पातळी आहे, म्हणजे ओळखीच्या विषयावर आपलं आपण निभावून नेता येतं ती. आमच्या वर्गातल्या मधल्या बाकावरच्या मुलांनी सहा महिन्यांचं लक्ष्य म्हणून तीच पातळी धरली आहे.

त्या दोघी मुलींचे फॉर्म माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहेत. सोमवारी पहिल्या तासानंतर दोघींनी यावं, आपण बसून भरू.