प्रेमाची मुदत तीन वर्षं म्हणे!

‘विज्ञानाने सिद्ध केलं! प्रेम म्हणजे नुसतं मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन, तीन वर्षांत संपतं. घरच्यांनी ठरवलेली लग्नंच टिकतात. नवरा-बायकोचा रक्तगट एक असेल तर मूल धड होत नाही.’ हा मेसेज बरेच दिवस इंदूरभर फिरतोय. फिरेना का, म्हणून मी सोडून दिलं होतं. पण रविवारी रामबागेत मावशीने पोह्यांची बशी बाजूला ठेवून तो सगळ्यांना वाचून दाखवला आणि मावसबहिणीचं ठरत आलेलं लग्न अडलं. मुलगा तिने स्वतः पसंत केलेला, दोघंही बी पॉझिटिव्ह. म्हणजे तिन्ही कलमं लागू!

आधी रक्तगट, कारण खरं नुकसान तिथे आहे. रक्तगट एक असल्याने बाळाला काहीही होत नाही. भानगड झालीच तर गट वेगळे असताना होते. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या रक्तात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि त्रास बहुधा पुढच्या बाळाला होतो. त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे. साधारण २८ व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत देतात. इथे तर मुलगीच पॉझिटिव्ह, प्रश्नच मिटला. रक्त तपासायची एवढी हौस असेल तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची चाचणी करा ना! दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

तीन वर्षांचं म्हणाल, तर सुरुवातीची झोप उडवणारी ओढ बहुतेकांची ओसरते, कबूल. पण बियांका असेवेडो, आर्थर अ‍ॅरन, हेलन फिशर यांचा २०१२ चा अभ्यास बघा. सरासरी २१ वर्षं संसार झालेली, ‘आजही जोडीदारावर तितकंच प्रेम आहे’ म्हणणारी १७ माणसं. जोडीदाराचा फोटो दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तर डोपामिनचा तोच भाग जागा झाला जो नव्याने प्रेमात पडलेल्यांचा होतो. माणसं निवडून घेतलेली होती, सगळ्यांचं असंच होतं असं नाही. पण ‘संपतंच’ हे खोटं पाडायला तेवढी पुरतात.

राहिली घरच्यांनी ठरवलेली लग्नं. जयपूरच्या ५० जोडप्यांचा १९८२ चा एक अभ्यास आहे, त्यात पाच वर्षांनंतर ठरवून केलेल्या लग्नांतलं प्रेम जास्त दिसलं. मेसेजवाल्याने तेच उचललं असावं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ५८ भारतीयांना विचारलं, तर दोन्ही प्रकारच्या लग्नांत प्रेमात, समाधानात, कशातच फरक सापडला नाही.