आमदार हाय म्हणून काय झालं?

परत तेच! रंकाळ्यावर फिरून येऊन चहाचा कप हातात घेतला की कुणीतरी म्हणतंयच, 'आमदार हाय भावा, विशेषाधिकार असतोय, पोलीस हात लावत न्हाईत.' अरे कुठं लिहिलंय? राज्यघटनेचं कलम 194 आमदारांच्या सभागृहातल्या बोलण्याला आणि मताला संरक्षण देतं, खासदारांना 105, आणि ते अधिवेशनाच्या आधी-नंतर 40 दिवस अटक नाही म्हणतात ते फक्त दिवाणी प्रकरणात, फौजदारीत पोलीस उचलू शकतात, अध्यक्षांना कळवायचं असतं एवढंच. लाच घेऊन सभागृहात मत दिलं तरी खटला नाही हा 1998 चा निकालसुद्धा सुप्रीम कोर्टाच्या 7 न्यायाधीशांनी मार्च 2024 मध्ये मोडीत काढला की! तरी परवा शेजारच्या काकांनी लिहिलेला तक्रार अर्ज चार घड्या घालून परत खिशात ठेवला, 'उपयोग न्हाई बाळ' म्हणाले, जीव तुटतोय ओ बघून.