मामांच्या गोळ्या बंद करणारा तो मेसेज

माझ्या मामांनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत 22 वर्षं मोल्डिंगचं काम केलं. वाळूची ती बारीक धूळ छातीत गेली की टीबी लवकर पकडतो. मामांना यंदा तो निघालाच. सरकारी गोळ्या सुरू झाल्या, रोज 4. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं, संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी सुरू झाली. आणि परवा मामींचा फोन आला, "अगं, ह्यांनी गोळ्या बंद केल्यात. एकदाच किरणांचा शेक घेतो म्हणतात." जाऊन बघते तर फ्रिजवरच्या डब्यात 11 दिवसांच्या गोळ्या जशाच्या तशा.

कारण आमच्याच नात्यातल्या ग्रुपवर आलेला मेसेज. त्यात म्हटलंय ते असं : टीबी असो, न्यूमोनिया असो, कुठलाही जंतू आता रेडिएशननं एका दिवसात मरतो. किरणं बाणासारखी फक्त जंतूलाच लागतात. कॅन्सर मरतो तिथं जंतूची काय कथा! पूर्वी डोक्यातलं गजकर्ण एक्स-रेनंच घालवायचे, कोरोनात फुफ्फुसाला शेक देऊन लोक वाचले, आंबासुद्धा किरणांनी निर्जंतुक करतात. गोळ्या लिव्हर जाळतात, लघवी लाल होते ती त्यामुळंच. तेव्हा गोळ्या बंद करा.

शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण जीव जाईल तो तिच्यामुळं. लघवी लाल-नारंगी होते ती या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनमुळं. ते औषधच विटकरी रंगाचं आहे, लघवीतून, घामातून, डोळ्यांतल्या पाण्यातूनही तो रंग उतरतो. मामांनी मला बनियनच्या काखेतला नारंगी डाग दाखवला, "बघ पोरी, आत काय चाललंय." आत काहीही जळत नव्हतं. हा रंग दिसणारच, एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी त्यांना कुणी सांगितलं असतं तर हे घडलं नसतं. लिव्हरचं म्हणाल तर काही जणांना या गोळ्यांचा त्रास होतो, ते खोटं नाही. डोळे पिवळे झाले, भूक मेली, उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ते रक्त तपासून औषध बदलतात. बरं वाटतंय म्हणून आपणच थांबवायचं नाही. टीबीचा जंतू अतिशय सावकाश वाढतो आणि काही जंतू तर निपचित पडून राहतात. म्हणून 6 महिने. मध्येच सोडलं की उरलेले पुन्हा वाढतात, त्यांत औषधाला न जुमानणारेही निघतात, आणि मग जो टीबी होतो त्याचा इलाज याहून कितीतरी अवघड.

आता "कॅन्सर मरतो तिथं जंतूची काय कथा". मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि हे वाक्य वाचून माझं डोकंच तापलं. किरणांचा डोस ग्रेमध्ये मोजतात. सगळ्या अंगाला एकदम 4-5 ग्रे लागले आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरला साधारण 60 ग्रे देतात, तेही आठवड्यातले पाच दिवस रोज 2 असे सहा आठवडे, फक्त गाठीवर नेम धरून. आणि जंतू? बहुतेक जंतूंची संख्या दहातली एक उरावी एवढ्यासाठीच शेकडो ग्रे लागतात. सिरिंजा, हातमोजे किरणांनी निर्जंतुक करतात तेव्हा डोस असतो 25,000 ग्रे. म्हणजे मामांच्या फुफ्फुसातला जंतू मरायच्या कितीतरी आधी फुफ्फुस संपलेलं असेल. वर रक्तातल्या ज्या लिम्फोसाइट पेशी टीबीशी झुंजतात, त्याच किरणांना सगळ्यात आधी बळी पडतात.

आंब्याला अमेरिकेत पाठवताना किमान 400 ग्रे देतात, तेही फळातल्या किड्यांची पैदास थांबावी म्हणून. तो आंबा निर्जंतुक होत नाही, ठेवला तर सडतोच.

कोरोनात फुफ्फुसाला साधारण 1 ग्रेचे प्रयोग झाले हे खरं. पण ते सूज उतरावी म्हणून, विषाणू मारायला नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या 22 रुग्णांवर नीट तुलना करून पाहिलं, तर फायदा दिसला नाही.

बाणाची गोष्ट मात्र हवेतली नाही, एवढं कबूल करते. 2003 मध्ये न्यूयॉर्कला दादाचोवा आणि कासादेवाल यांच्या गटानं ठरावीक जंतूलाच चिकटणाऱ्या अँटीबॉडीला किरणोत्सारी अणू जोडून क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीवर ते वापरून दाखवलं, आणि त्यानं जगले ते उंदीर. उंदीर! ते वाचून कोल्हापुरातल्या माणसानं टीबीच्या गोळ्या टाकायच्या?

राहिलं गजकर्ण. मेसेजवाल्यानं हे स्वतःच्या बाजूनं कसं लिहिलं हेच मला कळत नाही. इस्रायलमध्ये 1948 ते 1960 या काळात डोक्यातल्या गजकर्णासाठी हजारो लहान मुलांना खरंच एक्स-रे दिले. त्यानं बुरशी मरत नव्हती. केस मुळापासून गळायचे, त्यांच्याबरोबर ती जायची, एवढंच. पुढं अशा 10,834 मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. 1988 मध्ये आकडे छापून आले. मेंदूला सरासरी 1.5 ग्रे लागले होते आणि मेंदूच्या आवरणाच्या गाठींचं प्रमाण इतरांच्या साडेनऊ पट निघालं. थायरॉइडचा कॅन्सरही वाढला. 1994 मध्ये तिथल्या सरकारला भरपाईचा कायदा करावा लागला. आणि हे एक्स-रे थांबले कशामुळं? ग्रिसिओफल्विन आलं म्हणून. गोळीच ती.

मामांना घेऊन दुसऱ्या दिवशी नोंद आहे त्या टीबी केंद्रात गेले. किती दिवस चुकले ते खरं सांगितलं, वजन झालं, थुंकी तपासायला दिली. तुमच्या घरात कुणी असं सोडलं असेल तर डब्यातल्या गोळ्या काढून परस्पर सुरू करू नका, दुप्पट तर मुळीच नको. चुकलेले दिवस मोजा आणि केंद्रात जा. मामींनी आता कॅलेंडर फ्रिजवर लावलंय, गोळ्या घेतल्या की मामा स्वतः त्या तारखेवर फुली मारतात. मेसेज ग्रुपवर अजून तसाच आहे. त्याच्याखाली मी हे सगळं टाकते आहे.