मार्जिन पडलंय की, लाव आयपीओ!

परवाचा इश्यू, म्हणजे कंपनीनं पहिल्यांदा शेअर विकायला काढलेला आयपीओ, बंद होईपर्यंत नव्या पेठेत चहाच्या टपरीवर एकच वाक्य चाललं होतं : "ब्रोकरकडं मार्जिन पडलंय की बे, त्यातनंच लावू." मार्जिन म्हणजे सौद्यांसाठी ब्रोकरकडं असलेली शिल्लक. बरोबर आहे. लावाच.

त्यासाठी बँकेत दमडी ठेवू नका, सगळं ट्रेडिंग खात्यात ढकला. अस्बा 2016 पासून रिटेललाही (छोट्या गुंतवणूकदारालाही) सक्तीचं आहे, म्हणजे पैसे तुमच्याच बँक खात्यात ब्लॉक व्हावे लागतात, ब्रोकरकडच्या शिलकीला तिथं कुणी विचारत नाही, असल्या बारकाव्यात शिरू नका. शेअर गहाण ठेवून मिळालेलं मार्जिन तर नुसता आकडा. तोही लावा.

बायकोचं डिमॅट, आपलं यूपीआय. अर्ज उडाला की 'सगळं सेटिंग असतंय' म्हणायला मोकळे.

एका पॅनवर दोन अर्ज करा. दोन्ही बाद होतात.

लॉट (अर्जातला शेअरचा ठरलेला किमान गठ्ठा) 15 हजारांचा? मग 13 लावा, 1,95,000 अडकवा, हवं तर घरचं सोनं ठेवून. रिटेल भाग भरपूर पटींनी भरला की सोडत निघते, लागला तर एकच लॉट; एक लावणाऱ्याचं नशीब नि तुमचं सारखंच.

लॉट नाही लागला तर लिस्टिंगला दहाच्या ठोक्याला एमटीएफवर, म्हणजे थोडे आपले नि बाकी ब्रोकरचे उधार पैसे घालून, उचला. ऑर्डर रिजेक्ट झाली की ब्रोकरच्या पोराला झापा. इश्यू 250 कोटींपर्यंतचा असला तर पहिले 10 दिवस ट्रेड-टू-ट्रेड : पूर्ण पैसे, डिलिव्हरी, सकाळी घेऊन दुपारी विकणं बंद, सर्किट (दिवसाच्या चढउताराची हद्द) 5 टक्के. हे त्या पोरानं ठरवलंय का? मार्जिन मोजतात मागच्या चढउतारावरून, आणि कालपर्यंत बाजारात नसलेल्या शेअरला मागचं काय असणार? समजा मिळालाच, 100 चा शेअर 25 घालून घेतला, 20 नं पडला, तुमचे उरले 5. ब्रोकर पैसे मागतो, नाही दिले तर विकून टाकतो, आणि लोअर सर्किटला घ्यायला कुणी नसतं. 15 टक्क्यांनी एक लाखाचं व्याज रोज 41 रुपये. रविवारी बाजार बंद असतो, व्याज बंद नसतं.

अहो, कशाला हे? अर्ज करताना चार ओळी वाचवत नाहीत, आणि खापर मात्र दहा हजारांवर राबणाऱ्या त्या पोरावर? बँक खातं स्वतःचं, यूपीआय स्वतःचं, पैसे खात्यात, एक लॉट, कट-ऑफवर (जो भाव ठरेल तो मान्य) टिक. मॅन्डेट (पैसे ब्लॉक करायची यूपीआयवर आलेली विनंती) शेवटच्या दिवशी पाचच्या आत मंजूर करायचं. साडेपाचला फोन करून शिव्या द्यायच्या नाहीत.