एक जूनवाले

सकाळी फेसबुक उघडलं तर आज माझ्या यादीतल्या ४१ जणांचा वाढदिवस! काका, दोन मामा, आमच्या आळीतले निम्मे पुरुष, निवृत्त मास्तर आणि त्यांचे निवृत्त विद्यार्थीही. त्यात एका ग्रुपवर फॉरवर्ड आलं, '१ जूनला जन्मलेली माणसं हट्टी, कलावंत आणि नशीबवान असतात.' पुराव्याला मर्लिन मन्रो, नर्गिस, मॉर्गन फ्रीमन आणि आर. माधवन.

माधवनचं ठीक आहे, जन्म जमशेदपूरचा असला तरी पोरगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलाय, म्हणजे आपलाच. खरं तर त्या यादीत सत्येंद्रनाथ टागोर हवे होते. जन्म १ जून १८४२, रवींद्रनाथांचे थोरले भाऊ, पहिले भारतीय आयसीएस, आणि साताऱ्याला न्यायाधीश होते. पण ते कुणाला आठवतात!

मला या तारखेच्या जुळणीत काडीचा अर्थ दिसत नाही. नुसत्या २३ माणसांत दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, हे गणित आहे, ग्रहमान नाही. आमच्या गावच्या शाळेत तर २३ सुद्धा लागायचे नाहीत, पहिल्या बाकावरची पोरं पुरायची.

कारण ती तारीख ग्रहांनी नाही, गुरुजींनी दिलेली. जूनमध्ये शाळा उघडायची. बाप पोराला पुढे ढकलायचा, पोरानं डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरला की झालं वय. "कधीचा रं?" "पानशेत फुटलं त्या सालचा, गुरुजी." गुरुजी दौतीत टाक बुडवून लिहायचे, १ जून १९६१.

हे माझे बाबा. आजी सांगायची, "पोळ्याच्या आदल्या दिशी झाला, बैलं खांदेमळणीला काढली व्हती." म्हणजे सप्टेंबर. बाबा सरकारी कारकून. ५८ वर्षांचा नियम, त्यात जन्म पहिल्या तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच घरी. ३१ मे २०१९ ला हार-नारळ घेऊन आले. आजीचा हिशेब कागदावर असता तर ३० सप्टेंबरपर्यंत पगार मिळाला असता. गुरुजींच्या एका फटकाऱ्यात चार महिन्यांचा पगार गेला. (बाबांना विचारलं तर म्हणतात, "पण शाळेत तर घेतलं ना.")

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत गेलेल्या कितीतरी अफगाण, सोमाली निर्वासितांच्या कागदावर १ जानेवारी आहे, कारण त्यांनाही नेमका दिवस सांगता आला नव्हता. उत्तर गोलार्धातल्या शर्यतीच्या घोड्यांचंही वय १ जानेवारीलाच वाढतं, पण घोड्यांना निदान पेन्शनची चिंता नसते.

मर्लिन मन्रोचा जन्म १ जून १९२६ चा, लॉस एंजेलिसचा. नाव नॉर्मा जीन. नर्गिसचा १ जून १९२९ चा, नाव फातिमा रशीद. दोघींची नावं बदलली, तारीख राहिली. आमच्याकडे उलटं. नाव आजीनं ठेवलेलं तेच, तारीख तेवढी दुसऱ्याची.

म्हणून ते फॉरवर्ड वाचून हसू येतं आणि थोडा रागही येतो. ज्यांच्यात खरंच काही सारखं आहे ते हे ४१ जण. घरात पाटी आणणारी पहिली पिढी. आयांना तिथी पाठ, सण पाठ, कोणत्या साली विहीर आटली ते पाठ, पण रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता. आता जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्यांना शाळेत नाव घालायला जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे एक जूनवाले हळूहळू संपतील. बरंच आहे. तरी चुटपुट लागते.

बाबा सकाळी सातपासून एकेकाला हात जोडलेली इमोजी पाठवतायत. मीही 'हॅपी बर्थडे' टाकलंय, नाहीतर रुसतात. आजी होती तोवर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना पाटावर बसवून ओवाळायची, ते कुणी फेसबुकवर टाकलं नाही. आता त्या संध्याकाळी फोन मी करते.