रुग्णाशी नाते

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर एक रकाना असतो, 'रुग्णाशी नाते'. ज्या मुलीसाठी मी धावपळ केली, तिच्या कागदावर तो दोन महिने कोराच होता. तिला आईवडील नाहीत. हृदयात जन्मजात दोष. दहा पावलं चालली की ओठ निळे पडायचे, मग ती जागच्या जागी उकिडवी बसायची. तसं बसलं की दम कमी होतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. परदेशातले डॉक्टर तयार झाले, पैसेही जमले. अडलं ते सहीवर.

म्हणून कळकळीने सांगते, अशा मुलाचा फोटो मदतीसाठी फिरवण्याआधी त्याचा कायदेशीर पालक कोण, ते विचारा. संस्था सांभाळते म्हणजे तिला मूल परदेशी न्यायचा अधिकार असतोच असं नाही. पालकत्वाचा आदेश नसेल तर पासपोर्ट अडतो, आणि पासपोर्टवाचून व्हिसा.

'मग दत्तकच द्या ना तिकडे कुणाला,' असंही कितीतरी जणांनी सुचवलं. मला ते अजिबात पटत नाही. १९९३ चा हेग करार सांगतो की परदेशी दत्तक देण्याआधी मुलाला स्वतःच्या देशात घर मिळतंय का ते नीट बघा. आजारपणाच्या घाईत मूल कायमचं कुणाच्या हवाली करू नये. उपचारापुरतं पालकत्व आणि उपचारापुरता व्हिसा मागावा.

प्रवासाचंही तसंच. विमानातली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ असते. धडधाकट माणसाला जाणवतही नाही, हिला मात्र ऑक्सिजन आणि सोबत डॉक्टर लागणार होते.

हे सगळं आम्ही मोठ्यांनी तिच्या डोक्यावरून बोलत बसलो होतो. १९८९ च्या बालहक्क करारात मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचं कलम आहे, पण तिला विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "ताई येणार ना?"

ताई म्हणजे संस्थेत तिला रोज झोपवणारी बाई. आमच्या यादीत तिचं नावच नव्हतं. भूल उतरताना मुलीला कळेल अशा भाषेत बोलणारं तिथे दुसरं कोण असणार होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ताईच्या पासपोर्टचा अर्ज भरला.