आमच्या कोब्याचं शुभमंगल

आमच्या नेरुळच्या रो-हाउसला गॅरेज आहे, असं मी ऑफिसात सांगतो. प्रत्यक्षात ती पुढच्या अंगणावर बाबांनी पत्रा टाकून आणि शटर बसवून केलेली दहा बाय अठराची जागा आहे. तिथे गाडी राहते, दोन सायकली राहतात आणि 'लागेल कधीतरी' या सदरात मोडणारं बरंच काही राहतं. खाली कोबा. 1988 साली गवंड्याने घोटला तेव्हा गुळगुळीत असेलही. आता नुसता खराटा फिरवला तरी केरात निम्मा कोबाच येतो. आई रोज संध्याकाळी तो केर भरते आणि म्हणते, "तुझ्या बाबांनी बांधलेलं मी रोज सुपलीभर टाकून देते."

त्यात एकदा कामानिमित्त तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेलो. तिथली जमीन अशी चकचकीत होती की मी दारातच बूट काढले. वॉचमन म्हणाला, "घाला साहेब, इथे फोर्कलिफ्ट चालते." ते इपॉक्सी होतं. तिथून परत येताना माझ्या डोक्यात आमचा कोबा चमकायला लागला होता.

एका कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. त्याने विचारलं, "किती स्क्वेअर फूट?"

"180."

"180 हजार?"

"नुसते 180."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो अतिशय प्रेमाने म्हणाला, "काका, स्वतःच करून टाका ना."

झालं. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले, एकात रेझिन, एकात हार्डनर. "अराल्डाइटच्या दोन ट्यूबा माहीत आहेत ना? तेच हे, फक्त बादलीभर. एक लक्षात ठेवा, रंग वाळतो, हे शिजतं." वर विचारलं, "पाय घसरू नये म्हणून वरच्या हातात टाकायची बारीक वाळू देऊ? दीडशे रुपये." वाळूला दीडशे रुपये! नेरुळमध्ये दर चौथ्या गल्लीत कुणाचं तरी बांधकाम चालू असताना! मी मान हलवून नको म्हणालो. हे दीडशे रुपये पुढे येणार आहेत.

इपॉक्सी लावणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. त्याआधीची साफसफाई तीन शनिवार-रविवार खाते, हे कुणी सांगत नाही. म्हणजे सांगतात, पण आपण व्हिडिओ नेमका तिथेच पुढे पळवतो.

पहिला शनिवार ॲसिडचा. हातमोजे, चष्मा, गमबूट असा सगळा जामानिमा करून मी उभा राहिलो. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात नाही. शाळेतल्या रसायनशास्त्राचा एवढाच तुकडा मला पंचेचाळिसाव्या वर्षी कामाला आला. कोब्यावर ते पसरल्याबरोबर ताकासारखा फेस आला आणि बारीक चुरचुर ऐकू यायला लागली. सिमेंटमधला चुना ॲसिडशी भांडतो तो हा आवाज. पृष्ठभाग असा खरखरीत झाला की इपॉक्सीला धरायला जागा मिळते. सगळीकडे फेस, आणि डाव्या भिंतीजवळ, परातीएवढ्या गोल जागेत, काहीच नाही. तिथे ॲसिड नुसतं पडून होतं.

ती बाबांच्या स्कूटरची जागा. ती जवळजवळ वीस वर्षं तिथेच, त्याच कोनात उभी असायची आणि रात्रभर थेंब थेंब ऑइल गाळायची. सकाळी बाबा तिला एका बाजूला कलती करून, मनोभावे किक मारायचे. बाबा गेले, स्कूटर भंगारात गेली, ऑइल मात्र कोब्यात इतकं मुरलंय की ॲसिडलाही आत जाऊ देत नाही.

मग मी त्या डागाच्या मागे लागलो. भांड्यांची पावडर, उकळतं पाणी, तारेचा ब्रश, खडूची पूड पसरून रात्रभर ठेवणं, सगळं झालं. कोबा तयार आहे का हे पाहायला त्यावर थेंबभर पाणी टाकतात. शोषलं गेलं तर तयार. बाकी सगळीकडे थेंब जिरला. डागावर मात्र अळवावरचं पाणी, टपोरं आणि बिलकूल न हलणारं. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दुसरा शनिवार ओल तपासण्याचा. इपॉक्सीखाली ओल राहिली तर ते पापुद्र्यासारखं सुटतं, आणि नेरुळची जमीन म्हणजे खाडीची सख्खी शेजारीण. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवायचा, किमान 16 तास ठेवायचा आणि खाली दव धरतं का ते बघायचं. रविवारी सकाळी खाली आलो तर कोबा लख्ख ओला, प्लास्टिक घडी घालून खिडकीत. मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, "दादा, कुणीतरी कागद चिकटवला होता. काढला, आणि लगे हात सगळी फरशी धुऊन टाकली. किती पांढरी धूळ ती!"

त्यांना काय बोलणार? तीस वर्षांत त्यांनी न सांगता केलेलं हे पहिलंच काम.

तिसरा शनिवार, मे महिना, सकाळचे दहा. डब्यावर लिहिलं होतं, मिसळल्यावर 40 मिनिटांत वापरा, 25 अंशांना. आमच्या पत्र्याखाली 25 अंश जानेवारीत पहाटे असतात. ड्रिलला रवी लावून दोन्ही डबे बादलीत घुसळले आणि रोलर बुडवणार तेवढ्यात शटरखालून शेजारचे काका वाकले. ते केमिकल कंपनीतून निवृत्त झालेत आणि ज्ञानाने अजून सेवेत आहेत.

"इपॉक्सी का? वा! हे बघ, तापमान दहा अंशांनी वाढलं की रिॲक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो. शिवाय ती स्वतःच उष्णता सोडते. बादलीत ढीग ठेवलास तर उष्णतेला जायला जागा नाही, ती आणखी वेग वाढवते. जमिनीवर पसरलं की निवांत. म्हणून मिसळलं रे मिसळलं की ओतून टाकायचं, समजलं?"

समजलं. हे समजेपर्यंत बादलीतून धूर यायला लागला होता. बादली हाताला चटका देत होती, रोलर आत उभा होता तो उभाच राहिला. आता ती बादली त्या रोलरसकट दगड झाली आहे आणि आमच्या मागच्या दाराला अडणी म्हणून उत्तम काम देते.

दुसरा सेट आणला. या वेळी काकांना बायकोने आधीच चहाला आत बसवलं. सरळ जमिनीवर ओतलं, आतल्या कोपऱ्यापासून शटरकडे मागे मागे सरकत रोलर मारला, आणि खरोखर, अर्ध्या तासात काम झालं. मग टिकल्या. दुकानदार त्यांना फ्लेक्स म्हणतो. ओल्या थरावर रंगीत टिकल्या उधळायच्या, अक्षता टाकतो तशा, वरच्या दिशेने. शटरबाहेर उभं राहून मी तन्मयतेने उधळल्या. वास जावा म्हणून बायकोने नेमका त्याच क्षणी टेबल फॅन लावला. निम्म्या टिकल्या उजव्या भिंतीशी दाटीवाटीने बसल्या, लग्नात जेवणाच्या रांगेजवळ पाहुणे बसतात तशा. उरलेल्या माझ्या केसांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं. कोबा आरशासारखा! पत्र्याचे खिळेसुद्धा त्यात मोजता येत होते. फक्त डाव्या भिंतीजवळ इपॉक्सी मागे सरकलं होतं. लहानमोठी गोल गोल भोकं, आणि मधोमध परातीएवढा उघडा, काळपट, खरखरीत कोबा. आई चहाचा कप घेऊन बराच वेळ तिथे उभी राहिली.

"स्कूटर लागायची ना इथे?"

"हो. घासून परत मारतो."

सात दिवस गाडी आत आणायची नव्हती, ती गुलमोहराखाली कावळ्यांच्या स्वाधीन केली. आठव्या दिवशी आणली. डाग घासायचं पुढच्या रविवारवर गेलं, मग त्याच्या पुढच्या.

तेवढ्यात पाऊस आला. पहिल्याच दिवशी मी ओल्या चपलांनी आत आलो आणि दोन्ही सायकलींसकट गाडीच्या बॉनेटवर जाऊन विसावलो. संध्याकाळी बायको शटरपासून जिन्यापर्यंत पाऊल न उचलता पोहोचली. दीडशे रुपयांची ती वाळू मला आता रोज दोनदा आठवते.

काल मावशी छत्री मिटत दारात थबकल्या. आत बघत म्हणाल्या, "आजी, येऊ कशी?"

आई जिन्यावरूनच म्हणाली, "भिंत धर, आणि पहिला पाय यांच्या डागावर ठेव. तिथे नाही घसरत."